१४८९ की १८१७? एका अँबॅसिडरच्या इंजिनबदलाचं प्रकरण

गाडी १९८७ ची अँबॅसिडर, मार्क ४. नोंदणी महाराष्ट्रातलीच, पण एमएच मालिका सुरू होण्याआधीच्या तीन अक्षरी नंबरची. सध्याच्या मालकांच्या वडिलांनी ती कोरी घेतली होती. आरसी बुकात वडिलांच्या नावानंतर थेट मुलाचंच नाव आहे, मध्ये तिसरा माणूस नाही. क्षमता १४८९ सीसी, इंधन पेट्रोल. म्हणजे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या मोटार कंपनीच्या) बी-सिरीज घराण्यातलं ते जुनं, संथ आणि सोशिक इंजिन, जे हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनवलं.

ते इंजिन गेलं. गाडी पाणी खायला लागली म्हणून हेड उतरवलं, तर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीत तडा होता आणि तो खाली मेन बेअरिंगच्या बैठकीपर्यंत उतरला होता. ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाला, आधीच एकदा स्लीव्ह (आतली नवी नळकांडी) घातलेले. बिडाच्या ब्लॉकचा तडा जोडता येतो, स्टिचिंग करणारे चांगले कारागीर अजून आहेत. पण तडा बेअरिंगपर्यंत गेल्यावर क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा, भार त्या जोडावर येतो, आणि मशीन शॉपने ते काम घ्यायला स्वच्छ नकार दिला.

त्याच आठवड्यात गॅरेजच्या उस्तादांनी दुसरं इंजिन शोधून आणलं. अँबॅसिडर १८०० आयएसझेडचं इसुझू इंजिन, १८१७ सीसी, सोबत त्याचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स. जुन्या इंजिनाची ताकद पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीच्या घरात आणि याची पंचाहत्तर. घाटात फरक लगेच कळतो. मालकांचा जीव त्या इंजिनावर जडला यात नवल नाही. ते माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन: "हे इंजिन आरसीवर चढेल का?"

प्रश्न इंजिन बसवायच्या आधी विचारला गेला, म्हणूनच हे प्रकरण लिहिण्याजोगं आहे. बहुतेक लोक इंजिन बसवून, रंगरंगोटी करून, दोनतीन वर्षं फिरवून मग पुनर्नोंदणीच्या वेळी जागे होतात. तोवर हातात फारसं काही उरलेलं नसतं.

बसतं का?

बसतं. आणि जुगाड न करता बसतं, कारण खुद्द कंपनीनेच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच बॉडीत हे इंजिन बसवून १८०० आयएसझेड विकली होती. क्रॉस मेंबर, इंजिन माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी, क्लचची जोडणी, रेडिएटर या सगळ्यांचे कारखान्यातले भाग अस्तित्वात आहेत. मार्क ४ चा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आयएसझेडचा जमिनीवर. त्यामुळे गाडीच्या तळाला मधोमध असलेल्या उंचवट्याला भोक पाडावं लागतं. एवढीच काय ती कापाकापी.

ब्रेकचं मात्र सोपं नाही. अकराशे किलोच्या आसपास वजनाची गाडी पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीवर जितका वेग धरते, त्याच्या हिशेबाने मार्क ४ चे ड्रम ब्रेक ठरलेले आहेत. ताकद दीडपट झाली की गाडी उतारावर आणि सरळ रस्त्यावर जास्त वेगात जाणार, आणि थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० वरून ८० वर गेलात तर ब्रेकवरचं काम जवळपास पावणेदोन पटीने वाढतं. म्हणून मी मालकांना आधीच सांगितलं की कागद झाले तरी ब्रेक, सस्पेन्शनच्या पट्ट्या आणि टायर यांचा खर्च इंजिनाच्या खर्चात धरूनच विचार करा. मोठं इंजिन घालून ब्रेक जुनेच ठेवणारे लोक पाहिले की मला खरोखर भीती वाटते. मंजुरीचा प्रश्न कागदाचा वाटतो, पण निरीक्षकाने विचारायला हवा तो पहिला प्रश्न हाच आहे.

"पूर्वी तर होत होतं"

उस्तादांचं म्हणणं होतं की त्यांनी स्वतः कितीतरी अँबॅसिडर आणि पद्मिनींना डिझेल इंजिनं घालून दिली आणि ती रीतसर आरसीवर चढली. मालकांना वाटलं उस्ताद बढाई मारतायत. उस्ताद खरं तेच सांगत होते, फक्त जुन्या कायद्यातलं.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ मूळ रूपात असं होतं: आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करायचा असेल तर नोंदणी प्राधिकाऱ्याला आधी कळवा, त्याची मंजुरी घ्या आणि मग करा. म्हणजे दार होतं आणि त्याची किल्ली आरटीओकडे होती. २००० सालच्या दुरुस्तीने, जी त्या वर्षीच्या ११ ऑगस्टपासून लागू झाली, हे पोटकलमच बदललं. आता भाषा अशी आहे की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करायचाच नाही. मंजुरीची वाट त्या वाक्यातून गेली. त्याला जोडून सवलत दिली ती वेगळ्या इंधनासाठी: सीएनजी, एलपीजी, बॅटरी, सौरऊर्जा. तीही ठरलेल्या अटींवर, कन्व्हर्जन किट बसवून.

तरीही काही वर्षं वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळा अर्थ लावला जात होता. तो वाद ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. केरळ उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धच्या अपिलात न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का लावता येणार नाही; बाकीच्या नोंदी कायद्यात आणि नियमांत सांगितलेल्या पद्धतीने बदलता येतील; आणि राज्याचे नियम अधिनियमाच्या वर जाऊ शकत नाहीत.

कलम ५२ च्याच दुसऱ्या पोटकलमात एक गोष्ट आहे जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दहा किंवा जास्त परिवहन वाहनं असलेल्या मालकाला राज्य सरकार परवानगी देऊ शकतं की त्याने इंजिन बदलताना दरवेळी आरटीओची मंजुरी घेऊ नये. मात्र नवं इंजिन त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं हवं. आपली गाडी खासगी आणि एकटी, त्यामुळे ती सवलत आपल्याला नाही. पण इंजिन बदलणं कायद्याला मंजूर आहे आणि त्याचं माप 'तीच बनावट, तोच प्रकार' हे आहे, एवढं या पोटकलमावरून नक्की कळतं.

आमचा युक्तिवाद आणि मिळालेलं उत्तर

मालकांनी हार मानायला नकार दिला, आणि मला ते आवडलं. त्यांच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा होता. उत्पादक एकच, बॉडीची मूळ रचना तीच, आणि १८१७ सीसीचं इंजिन या बॉडीत बसवायचं हे कुणा गॅरेजने ठरवलेलं नाही, उत्पादकानेच ठरवून तसं मॉडेल विकलं आहे. मग हा फेरफार 'उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत' कसा?

अर्ज असाच केला. गाडीला हात लावायच्या आधी, प्रस्तावित बदल म्हणून. सोबत आरसी, विमा, पीयूसी, दात्या गाडीचे (जिच्यातून इंजिन काढलं तिचे) कागद, आयएसझेडच्या छापील तपशिलाची प्रत आणि ब्रेकसकट कोणकोणते भाग बदलणार याची यादी. जुन्या नंबरच्या गाडीची नोंद 'वाहन' या आरटीओच्या ऑनलाइन प्रणालीत नीट नसते, तशी हिचीही नव्हती. त्यामुळे आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची ऑनलाइन भर, करून घ्यावी लागली. नोंद ऑनलाइन दिसल्याशिवाय पुढचा कुठलाच अर्ज सरकत नाही, हे जुन्या गाड्यांच्या मालकांनी मनात पक्कं धरावं आणि काही काम नसतानाच ती नोंद तपासून घ्यावी.

कार्यालयात पहिलं उत्तर तोंडी मिळालं: "होत नाही." आम्ही नम्रपणे लेखी मागितलं. लेखी उत्तराला महत्त्व आहे, कारण कलम ५२ खालच्या आदेशाविरुद्ध कलम ५७ प्रमाणे तीस दिवसांत अपील करता येतं. तोंडी नकाराविरुद्ध कुठे जाणार? लेखी उत्तरात कारण मोजकं होतं. मूळ तपशील म्हणजे या चेसिस नंबरच्या वाहनाचा तपशील. त्याच उत्पादकाचं दुसरं मॉडेल म्हणजे दुसरा तपशील. सीसी बदलते, मॉडेल बदलतं, म्हणून परवानगी नाही.

मला हा अर्थ कायद्याच्या आजच्या शब्दांना धरून वाटतो, जरी तो मनाला पटत नसला तरी. पुण्यात एआरएआयसारखी चाचणी संस्था आहे, देशात अशा आणखी संस्था आहेत. त्यांची मंजुरी उत्पादकाच्या मॉडेलला किंवा किट बनवणाऱ्याच्या किटला मिळते. एखाद्या मालकाने आपली एकच गाडी नेऊन 'हिचे ब्रेक, उत्सर्जन, माउंटिंग तपासा आणि प्रमाणपत्र द्या' म्हणावं, अशी सरळ वाट पेट्रोल इंजिनबदलाला नाही. ती असायला हवी. काळजीपूर्वक, ब्रेकसकट बदल करू पाहणारा माणूस आणि चोरीचं इंजिन रात्रीत बसवणारा माणूस या दोघांना आज एकच उत्तर मिळतं. त्यातला पहिला थांबतो आणि दुसरा थांबत नाही.

कार्यालयाबाहेर एजंट भेटलाच. "साहेब, तुम्ही इंजिन टाका, आरसीचं मी बघतो." त्याचं 'बघणं' म्हणजे इंजिन नंबर तेवढा बदलायचा आणि सीसीच्या रकान्यात १४८९ तसंच ठेवायचं. यावर मालक क्षणभर घुटमळले, ते मी पाहिलं. असा कागद तपासणीत कदाचित टिकेलही, पण अपघातानंतर टिकत नाही. खासगी गाड्यांच्या तृतीय पक्ष विम्यात १५०० सीसीच्या आत एक दर आणि १५०० च्या वर दुसरा. २०२२ साली ठरलेल्या दरांत १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये. १४८९ रेषेच्या आत आहे, १८१७ बाहेर. म्हणजे खोटी नोंद विमा कंपनीला कमी हप्ता भरूनच होते, आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडलं की ते उघडं पडतं. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ आहे: परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

पन्नास वर्षांचा हिशेब

अपील करायचं की नाही यावर विचार चालू असताना वेगळाच मुद्दा निर्णायक ठरला. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी ८१अ पासूनचे नवे नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल करणारं मोठं काम झालेलं नसावं.

ही गाडी २०३७ मध्ये पन्नाशीची होते. इसुझू इंजिन घातलं तर, मंजुरी मिळाली असती तरीसुद्धा, ते दार बंद. व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. त्यामुळे प्रत्येकाला ती हवीच असते असं नाही. या मालकांना मात्र वडिलांची गाडी त्या नोंदणीपर्यंत न्यायची होती. ते म्हणाले, "मग वेग कशाला हवाय मला?"

विजेवर चालणाऱ्या किटचा पर्यायही मी समोर ठेवला होता. त्याला एआयएस-१२३ या मानकाखाली मंजूर किट लागतं, आणि मंजुरी विशिष्ट मॉडेलांपुरती असते. कायद्याच्या दृष्टीने ती वाट मोठ्या पेट्रोल इंजिनापेक्षा मोकळी आहे. मालकांनी ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

तेच इंजिन, दुसरा ब्लॉक

ठरलं ते असं: मार्क ४ चंच, १४८९ सीसीचंच दुसरं पेट्रोल इंजिन शोधायचं. ते मिळालं एका तळातून गंजलेल्या गाडीत. तिच्या मालकाने कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घेतली होती, आणि हा कागद हाती असणं फार मोलाचं. नोंदणी जिवंत असलेल्या गाडीचं इंजिन आपल्या गाडीत आलं, तर एकच इंजिन नंबर 'वाहन'मध्ये दोन गाड्यांवर दिसतो आणि अर्ज तिथेच अडकतो. बिल, दात्या मालकाचं ना-हरकत पत्र, त्याच्या आरसीची प्रत, रद्दीकरणाचा आदेश हे सगळं गोळा केलं. इंजिन चोरीच्या नोंदीत नाही हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' प्रणालीवरून तपासून त्याची छापील प्रत जोडली.

मग अडचण आली ती एका आकड्याची. पैसे द्यायच्या आधी आम्ही ब्लॉकवरचा नंबर रॉकेल आणि तारेच्या ब्रशने साफ केला. तेल-मातीचा थर गेल्यावर ठोकलेले आकडे उघडे पडले. पातळ कागद लावून त्यावर पेन्सिल आडवी घासली तेव्हा शेवटून दुसरा आकडा स्पष्ट १ उमटला. दात्या गाडीच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या आरसी बुकातही १ च होता, पण त्याची वरची शेपटी जरा लांब ओढलेली. आणि ऑनलाइन नोंद करणाऱ्याने तो ७ वाचला होता. रद्दीकरणाच्या आदेशातही मग ७ च आलेला. कागदोपत्री आमच्या हातातलं इंजिन ते इंजिनच नव्हतं.

इथे घाई करणारा माणूस 'काय फरक पडतो' म्हणतो. आम्ही दात्या गाडीच्या मूळ कार्यालयात, तिच्या मालकांनाच सोबत घेऊन, जुन्या आरसीची मूळ प्रत आणि पेन्सिलची छाप दाखवून दुरुस्ती करून घेतली. वेळ गेला. पण त्याशिवाय पुढचं काहीच उभं राहिलं नसतं. इंजिन विकत घेण्याआधी छाप घ्या, आणि ती आरसीशी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहा. इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट त्यानंतर.

बदलाची परवानगी घेतली, इंजिन बसवलं, आणि चौदा दिवसांच्या आत बदलाची माहिती आणि मूळ आरसी नोंदणी कार्यालयात दिली. ही मुदत कलम ५२ मध्येच आहे. गाडीवर कर्जाचा बोजा नव्हता. असता तर वित्त कंपनीची लेखी संमती आधी लागली असती. मोटार वाहन निरीक्षकांनी बॉनेट उघडून नंबर स्वतः वाचला, स्वतः छाप घेतली, चेसिस नंबरही पाहिला. "सीसी तीच ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मालक म्हणाले, "तीच, साहेब. १४८९." उत्सर्जन तपासणी झाली, त्या काळातल्या पेट्रोल गाडीला, गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि नीट जुळवलेला कार्ब्युरेटर त्याच्या आत सहज राहतो.

आरसीवर नवा इंजिन नंबर आला, बाकी सगळे रकाने जसेच्या तसे. त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवून पॉलिसीतला इंजिन नंबर बदलून घेतला. हे बरेच जण विसरतात, आणि मग आरसीवर एक नंबर आणि पॉलिसीवर दुसरा अशी गाडी वर्षभर फिरत राहते.

तडा गेलेला मूळ ब्लॉक मालकांनी भंगारात दिला नाही. नंबर दिसेल असा, ग्रीस लावून, जुन्या आरसीच्या प्रतीसोबत ठेवला आहे. २०३७ मध्ये मूळ स्वरूपाबद्दल कुणी विचारलंच तर इंजिन का बदललं आणि कोणतं घातलं याचा पुरावा हाताशी असावा म्हणून. आणि ते इसुझू इंजिन उस्तादांनी एका आयएसझेडवाल्याला दिलं, ज्याच्या आरसीवर मुळातच १८१७ लिहिलेलं आहे.